औषध सोसताना

कर्करोगाचे नाव निघाले की आपल्याकडे आवाज खाली येतो. आजारी मूल असेल तर अधिकच. मानसशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने मला पडलेला प्रश्न असा : औषध डॉक्टर देतात, पण ते सोसायला मुलाला हात कोण देते? अर्थातच आई, बाबा, आजी, कधी थोरली बहीण.

संगमेश्वराकडच्या माणसाला या आजारात प्रथम आठवते ते १९४१ साली परळला सुरू झालेले टाटा रुग्णालय. परंतु दोन डोसांच्या मधले दिवस पुष्कळदा घरीच काढावे लागतात आणि खरी कसोटी तेव्हाच असते.

रसायनोपचार झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतो. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळे, तोंडाचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांतल्या पेशीही तशाच. म्हणून केस गळतात, तोंड येते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. शिवाय मळमळ असतेच.

१९७८ साली अमेरिकेत आयलीन बर्नस्टाइन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उपचारापूर्वी नव्या चवीचे आइस्क्रीम खाल्लेली मुले पुढे तेच आइस्क्रीम टाळू लागली. ओकारीचा दोष चवीवर गेला! यावरून आईने घ्यायचा बोध असा, की मुलाचा आवडता पदार्थ डोसाच्या तोंडावर देऊ नये. मळमळीचे औषध वेळेवर द्यावे. पेज, मऊ भात थोडाथोडा, पुन्हापुन्हा द्यावा. आग्रह नको. तोंड आले असता तिखट टाळावे आणि मऊ ब्रश वापरावा.

केसांविषयी आधीच खरे सांगावे : जातील, पण बहुधा पुन्हा येतील. आजार ही आपल्याला झालेली शिक्षा आहे, असे लहान मुलांना वाटू शकते. तसे नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

हे सारे घरी निभावते. ताप मात्र निभावत नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना १००.४ अंश फॅरनहाइट ताप म्हणजे धोक्याची घंटा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तत्काळ कळवावे आणि निघावे. मुंबई दूर आहे; म्हणून रात्री-अपरात्री रत्नागिरी की डेरवण, कोठे जायचे हे डॉक्टरांना विचारून आधीच ठरवलेले असावे.

मित्रहो, आपल्या वाडीत असे घर असेल तर तेथे नुसती हळहळ घेऊन जाऊ नये. सर्दी-खोकला असल्यास जाऊच नये. घरात तापमापक आहे का, रात्री गाडी कोणाची मिळेल, एवढे विचारावे. त्या मुलाला आपला उपयोग झाला तर तो येथेच होईल.