तोडफोडीच्या खोलीचा विमा काढताना

पैसे मोजून बाटल्या, कपबशा, जुने कीबोर्ड फोडायची खोली, म्हणजे रेज रूम, जपानात २००८च्या सुमारास सुरू झाली आणि २०१७ मध्ये गुरुग्राम-इंदूरपर्यंत पोचली. संगमनेरात घुलेवाडीच्या बाजूला कॉलेजची एवढी मुलं आहेत, की इथेही कोणीतरी गाळा शोधत असेल. करमणुकीचा धंदा या गावाला परका नाही. २०२२ मध्ये खोपोलीजवळचं इमॅजिका ताब्यात घेणारा मालपाणी समूह संगमनेरचाच. पण मोठ्या पार्ककडे विम्याचं बघायला माणसं असतात आणि गाळ्यात धंदा टाकणाऱ्याकडे असतो एक ओळखीचा एजंट. तो सवयीने दुकानदाराची पॉलिसी काढून देतो. तिच्यात आग येते, पूर येतो, फारतर चोरी येते. काचेचा तुकडा उडून गिऱ्हाइकाच्या डोळ्यात गेला तर काय, हे तिला कोणी विचारलेलंच नसतं.

आधी कागद

गाळा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की घुलेवाडी, गुंजाळवाडीसारख्या ग्रामपंचायतीच्या, ते पाहा. ना-हरकत दाखला त्याप्रमाणे मागायचा. भाडेकरारात वापर ‘दुकान’ असा मोघम लिहून घेऊ नका, नेमका धंदा लिहा आणि मालकाची सही घ्या. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की झालं. उद्यम नोंदणी फुकट होते, ती कराच. तिचा उपयोग शेवटी कळेल. करमणुकीच्या जागेला आणखी कोणती परवानगी लागते ते प्रांत कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात लेखी विचारून ठेवा.

आगीच्या कागदात मात्र टंगळमंगळ नको. राजकोटच्या टीआरपी गेम झोनला २५ मे २०२४ रोजी आग लागली, सत्तावीस माणसं गेली, आणि त्या जागेकडे अग्निशमन खात्याचा दाखलाच नव्हता. महाराष्ट्रात २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, इमारतीत बसवलेली यंत्रणा चालू आहे असा ‘फॉर्म बी’ परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. त्याची प्रत फाइलला लावा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर हा कागद मागणारच.

काय फोडू द्यायचं, ते ठरवा

हे विम्याचं काम वाटत नाही, पण आहे. बाटल्या, कपबशा, लाकडी फळ्या, कीबोर्ड, प्रिंटरचे सांगाडे चालतील. भंगारवाला स्वस्तात देतो म्हणून जुने डबा टीव्ही मात्र घेऊ नका. त्यांच्या काचेत शिसं असतं आणि आत निर्वात पोकळी. घाव बसला की काच आत ओढली जाऊन मग चौफेर उडते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये गॅस, आणि मोबाइल-लॅपटॉपची बॅटरी ठेचली तर पेट घेते. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम आहेत ते वेगळेच. शिवाय सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत प्रदूषणाची जबाबदारी बहुधा वगळलेली असते. म्हणजे पाऱ्याची वाफ किंवा शिशाची धूळ यावरून दावा आला, तर तुम्ही एकटे.

यादी छापून भिंतीवर लावा. हीच यादी पुढे विम्याच्या अर्जाला जोडायची आहे.

अर्जात धंदा लिहिताना

सगळ्या कृतीत जास्तीत जास्त वेळ इथे घालवा. प्रपोजल फॉर्मवर ‘व्यवसायाचे स्वरूप’ असा एक अरुंद रकाना असतो. एजंट तिथे ‘गेम झोन’ किंवा ‘मनोरंजन केंद्र’ लिहितो, प्रीमियम कमी बसतो आणि सगळे खूश होतात. विम्याचा करार पूर्ण खरेपणावर उभा असतो. जोखमीची मुख्य गोष्ट लपवली, तर वर्षानुवर्षं हप्ता भरूनही कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि तक्रार करायला तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. रकाना अरुंद असेल तर वेगळा कागद जोडा. मजकूर साधारण असा:

‘१८ वर्षांवरील व्यक्तींना शुल्क घेऊन, बंद खोलीत, बॅट व हातोड्याने काचेच्या बाटल्या, चिनी मातीची भांडी व निकामी कार्यालयीन यंत्रे फोडू दिली जातात. एका वेळी एका खोलीत कमाल दोन व्यक्ती. हेल्मेट, पूर्ण चेहऱ्याचे कवच, जाड हातमोजे, अंगरखा व बंद बूट सक्तीचे. खोलीबाहेर देखरेखीला एक कर्मचारी व कॅमेरा. सोबत वस्तूंची यादी, खोलीचा नकाशा व सहा छायाचित्रे.’

यातला शब्दन् शब्द पाळता येईल एवढंच लिहा. ‘कॅमेरा’ लिहिला आणि तो दोन महिने बंद होता, तर तो कागद तुमच्याच विरुद्ध जातो. अर्जाची प्रत कंपनीच्या पोच शिक्क्यासह घरी ठेवा.

छोट्या शाखेत असा अर्ज गेला की साहेब म्हणतील, ‘हे आमच्याकडे बसत नाही, वर पाठवावं लागेल.’ पाठवू द्या. नाशिक-पुण्यातल्या ब्रोकरकडून दोन-तीन कंपन्यांचे दर एकाच वेळी मागवणं अधिक बरं, कारण एजंट एकाच कंपनीचा, ब्रोकर गिऱ्हाइकाचा.

कोणत्या पॉलिसी

मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. १ एप्रिल २०२१पासून आलेली ही ठरावीक मजकुराची पॉलिसी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे सगळं तीत आहे. प्रवरेकाठच्या जुन्या पेठेत गाळा असेल, तर भंडारदरा-निळवंड्यातून विसर्ग वाढला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. रक्कम मात्र पूर्ण किमतीची धरा. वीस लाखांचा माल-फर्निचर बारा लाखांना उतरवलं आणि पाच लाखांचं नुकसान झालं, तर हातात तीनच लाख पडतात. तफावत पंधरा टक्क्यांच्या आत असेल तरच ही कपात माफ. साधी चोरी यात नाही, तिच्यासाठी घरफोडीचं वेगळं कव्हर. आणि गिऱ्हाइकाने बाटली सोडून भिंतीवर घण घातला, तर त्याचे पैसे कोणी देणार नाही. हत्यार तुम्हीच हातात दिलं होतं. तो खर्च तिकिटात धरा.

खरी पॉलिसी म्हणजे ‘सार्वजनिक दायित्व, अ-औद्योगिक’. १९९१च्या कायद्याखालची सक्तीची पॉलिसी घातक रसायनांसाठी आहे. नावं सारखी असल्याने ती गळ्यात पडू शकते, सांभाळा. आपल्याला हवी ती ऐच्छिक. तीत दोन आकडे असतात: एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती. डोळ्याचं ऑपरेशन, नाशिकला हलवणं, बुडालेली कमाई आणि वकील असा हिशेब मांडून पहिला आकडा ठरवा. मग वर्डिंग मागवून वगळलेल्या बाबींचं पान वाचा. ‘खेळात अगर उपक्रमात भाग घेणाऱ्याची इजा’ वगळली असेल, तर ती पॉलिसी तुमच्या कामाची नाही, कारण तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण भागच घ्यायला येतो. ते कलम काढून घ्या आणि तसं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली दुरुस्ती, लेखी घ्या. फोनवरचं ‘होईल हो’ धरू नका. या पॉलिसीत दावा ज्या काळात दाखल होतो त्या काळातली पॉलिसी पाहिली जाते. म्हणून नूतनीकरणात एक दिवसही खंड पडू देऊ नका, नाहीतर मागच्या वर्षीचा अपघात उघड्यावर पडतो.

तिसरी पॉलिसी गिऱ्हाइकांच्या वैयक्तिक अपघाताची, गटाने काढायची. दायित्वाची पॉलिसी तुमची चूक ठरली तर पैसे देते. ही चूक कोणाची ते विचारत नाही. महाराष्ट्रात याचं ठळक उदाहरण दहीहंडीचं आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने पन्नास हजार गोविंदांचा विमा ओरिएंटल इन्शुरन्सकडे उतरवला, माणशी ७५ रुपये हप्ता आणि मृत्यूला दहा लाख. आपण होऊन धोका पत्करणाऱ्याचाही विमा निघतो, संख्या आणि नियम ठरलेले असले की झालं. तुमच्या बाबतीत संख्या म्हणजे तिकिटांचं रजिस्टर.

कामावरच्या मुलांना विसरू नका. काचा झाडणारी तीच असतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कमी असतील तर कर्मचारी नुकसानभरपाई पॉलिसी.

या धंद्याच्या पॉलिसींवर १८ टक्के जीएसटी लागतो, बजेट करताना तो धरा. कर्ज असेल तर बँकेने परस्पर काढलेली पॉलिसी मागून वाचा. ती बहुतेक बँकेच्या तारणापुरतीच असते.

हप्ता आधी, नारळ नंतर

विमा कायद्याचं कलम ६४व्हीबी सांगतं की प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. मित्रांना बोलावून ‘ट्रायल’ घ्यायची असेल तरी ती पॉलिसीच्या तारखेनंतर.

रोजचं रजिस्टर आणि सहीचा कागद

‘इजा झाल्यास संचालक जबाबदार नाही’ अशी सही घेतली की सुटलो, हा समज सोडा. तुमचा हलगर्जीपणा असेल तर तो कागद ग्राहक आयोगापुढे ढाल ठरेलच असं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागायची सोय आहे. अल्पवयीनाची सही तर १८७२च्या करार कायद्याने मुळातच निरुपयोगी. पॉलिटेक्निकला दहावीनंतरची मुलं असतात, मिशा पाहून वय ठरवू नका, ओळखपत्र पाहा. तरीही सही मराठीत घ्याच. धोका समजावून सांगितला होता, साधनं दिली होती, याचा तो पुरावा असतो. रजिस्टरमध्ये नाव, वय, वेळ, कोणतं हेल्मेट दिलं त्याचा नंबर आणि देखरेखीला कोण होतं, एवढं पुरे. दारू पिऊन आलेल्याला परत पाठवलं, तर तीही नोंद करा.

अपघात झालाच तर

जखमीला आधी दवाखान्यात न्या. खोली झाडू नका. फोटो काढा, कॅमेऱ्याचं फुटेज वेगळं साठवा, हेल्मेट-हातमोजे तसेच बाजूला ठेवा. कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा. जखमीच्या घरच्यांना धीर द्या, पण कंपनीला न विचारता ‘चूक आमचीच, सगळं भरून देतो’ असं लिहून देऊ नका. दायित्वाच्या पॉलिसीत परस्पर कबुलीला मनाई असते. वकिलाची नोटीस आली तर तिला स्वतः उत्तर न देता ती कंपनीकडे धाडा.

क्लेम नाकारला तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. धंद्याच्या पॉलिसीबाबत तिथे एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योग यांनाच दार उघडं आहे, म्हणून ती उद्यम नोंदणी. दुसरा रस्ता अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाही, त्यामुळे कुठे जायचं ते आधी ठरवा.