शेवंतीचे झाड आणि रात्रीचा दिवा

शेवंती हे फुलझाड महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, विशेषतः नगर तालुक्यातील अकोळनेर परिसरात, ते शेतातील पीक म्हणूनही घेतले जाते. परंतु शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या आवारात लावलेली शेवंती पुष्कळदा एकाच हंगामात नाहीशी होते. फुले संपताच झाड उपटून टाकले जाते, हे त्याचे मुख्य कारण होय. वास्तविक शेवंती बहुवर्षायू आहे. बहर ओसरल्यावर वरचा भाग सुकतो, पण बुंध्याशी मुळांपासून नवे धुमारे फुटतात. त्यांस काश्या म्हणतात. सुकलेली झाडे जमिनीलगत छाटून बेताचे पाणी देत राहिल्यास या काश्याच पुढील वर्षाची रोपे होतात. रोपांसाठी पुन्हा खर्च करावा लागत नाही.

जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे उन्हाळ्यात काश्या जगविणे हेच खरे कसोटीचे काम. एखाद्या झाडाच्या विरळ सावलीत त्यांची जपणूक करावी व पावसाळ्याच्या तोंडावर मुळांसह विलग करून फूटभर अंतराने लावाव्यात. काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. तेथे गादीवाफा वा वरंबा हवाच. लागवडीनंतर सुमारे चार आठवड्यांनी शेंडे खुडावेत. हिरवा शेंडा तोडताना हात आखडतो खरा, पण त्याविना फांद्या फुटत नाहीत व फुलेही थोडी येतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

झाड हिरवेगार असूनही कळी धरत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अशा वेळी खतापूर्वी दिव्याकडे पाहावे. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला. रस्त्यावरील वा ओट्यावरील दिवा रात्रभर झाडावर पडत असेल, तर झाडाच्या लेखी दिवस मावळतच नाही. व्यापारी फूलशेतीत बहर लांबविण्यासाठी मुद्दाम असा प्रकाश दिला जातो. शिक्षकांना दोन कुंड्या घेऊन हा प्रयोग सहज दाखविता येईल: एक दिव्याखाली, दुसरी अंधारात. ग्रामपंचायतीने वाफ्याची जागा ठरविताना दिव्याचा खांब कोठे आहे, हे आधी पाहावे.