फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर हळू चालायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून टाका, नव्यासारखा होईल." जांब समर्थमध्ये माझं ऑनलाइन फॉर्म आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, लग्नपत्रिका, रामनवमीच्या उत्सवाची पत्रकं, सगळं एकाच मशीनवर. ऐन पीकविम्याच्या गर्दीत ते अडकायला लागलं. दुरुस्तीवाल्याने काहीही न तपासता फॉरमॅट सांगितला. "डी ड्राइव्हला हात लावत नाही," असा शब्द दिला आणि विंडोज टाकून दिली.

डी ड्राइव्ह खरंच जसाच्या तसा राहिला. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर मुळात सी ड्राइव्हमध्ये असतात. लोकांच्या कागदपत्रांचे स्कॅन तिथेच होते, ते गेले. डी ड्राइव्हमधल्या जुन्या मराठी फाइल उघडल्या, तर ओळीच्या ओळी डोक्यावर दोन टिंबं असलेल्या इंग्रजी 'ओ'ने भरलेल्या. सी-डॅकच्या सुरेखसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये काना त्याच अक्षराच्या जागी बसवलेला आहे. फाँट पुसला गेला आणि मजकूर वाचता येईना. तोच फाँट परत टाकल्यावर अक्षरं जागेवर आली. अंगठ्याचं मशीन मात्र ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस पुन्हा टाकेपर्यंत बंद राहिलं, डिजिटल सहीचा टोकन ओळखला जाईना आणि बाहेर शेतकरी ताटकळत उभे.

एवढं होऊनही मशीन पुन्हा तसंच अडकू लागलं, कारण हार्ड डिस्कच खराब होत आली होती. बैल लंगडतोय म्हणून गोठा सारवून काय उपयोग? फॉरमॅटने सॉफ्टवेअर नवं होतं, यंत्राचा सुटा भाग नवा होत नाही.

म्हणून आधी कारण शोधा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा; टास्क मॅनेजर उघडेल. जुन्या हार्ड डिस्कवर डिस्कचा आकडा सतत शंभर टक्के दिसत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने डिस्कची तब्येत बघा. तिथे 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं, तर आधी फाइल दुसरीकडे काढा, मग डिस्क बदला. मेमरी सतत भरलेली दिसत असेल तर रॅम वाढवायची गरज आहे. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर जागा करा. सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम स्टार्टअपमधून बंद करा. डिस्क ठणठणीत असूनही विंडोजच्या फाइल बिघडल्या असतील, तर एसएफसी स्कॅननाऊ ही कमांड त्या दुरुस्त करू शकते. आपल्याकडे लाइट कधीही जाते आणि लिहिता लिहिता डिस्क बंद पडली की फाइल बिघडतात. त्यामुळे यूपीएस हवाच. जुन्या मशीनमध्ये हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर फॉरमॅटपेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो.

फॉरमॅट योग्य कधी? व्हायरस निघतच नाही, दुरुस्तीचे उपाय करूनही विंडोज उघडत नाही, किंवा क्रॅक केलेली विंडोज काढून टाकायची आहे, तेव्हा. लोकांची आधार कार्डं हाताळणाऱ्या मशीनवर क्रॅक विंडोज ठेवूच नये. विंडोज 10चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. आता नव्याने टाकायचीच असेल, तर मशीन विंडोज 11ला चालतं का, टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आहे का, हे आधी बघा.

ठरलंच, तर दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी एवढं करा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. टॅली वापरत असाल तर तिचा डेटा कुठे आहे ते बघा. तो बहुधा सी ड्राइव्हमध्येच असतो. जुने मराठी फाँट कॉपी करा. ब्राउझरमधले पासवर्ड उतरवून घ्या. प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि टोकन यांचे ड्रायव्हर जमवा. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर सुरू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. आणि कॉपी केलेल्या फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

फॉरमॅट होऊन गेला आणि काही राहिलंच, तर त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका. हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते; वरून नवं लिहिलं जाईपर्यंत जुनं परत मिळण्याची आशा असते. एसएसडीवर ती फारच कमी.

विंडोज तासाभरात पुन्हा टाकता येते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा जुना दाखला पुन्हा मिळवायला तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात. दुरुस्तीवाला घाई करत असला, तरी कारण कळल्याशिवाय आणि कॉपी उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणू नका.