कपाटाची किल्ली

अगं, मुख्याध्यापकाचा चार्ज मिळून महिना नाही झाला, आणि एवढं टेन्शन? शाळासिद्धीचं स्वयंमूल्यमापन समोर आलं की पोटात गोळा येतो, ठाऊक आहे मला. ७ क्षेत्रं, ४६ मानकं, प्रत्येकाला १ ते ३ स्तर. शेजारच्या शाळेनं काय भरलं ते विचारायचं आणि तसंच दडपून द्यायचं, असं वाटतं. पहिल्या वर्षी मी तेच केलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या वर्षी ग्रंथालयापाशी अडले. २०१५ मध्ये दिल्लीच्या ‘न्यूपा’ या संस्थेनं शाळासिद्धी आणली, तेव्हा ग्रंथालय ज्यात येतं त्या पहिल्या क्षेत्रात कुणीतरी छान मेख मारून ठेवलीय. सोय आहे का, पुरेशी आहे का, याचा स्तर वेगळा; तिचा दर्जा काय, उपयोग होतो का, याचा वेगळा. पहिल्याला मी बिनदिक्कत ३ दिला. दुसऱ्यासाठी देवघेवीची वही उघडली. वर्षभरात ११ नोंदी, सगळ्या एकाच दिवशीच्या, माझ्याच अक्षरात! पुस्तकं कोरी करकरीत, डांबरगोळ्यांच्या वासाची. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

१ लिहिला. केंद्रप्रमुख म्हणाले, “मॅडम, एवढा कमी?” म्हटलं, “सर, आहे ते आहे.”

मग व्हरांड्यात सुतळी बांधून पुस्तकं टांगली. हरवली तर ऑडिटला काय दाखवू, या धास्तीनं पहिले आठ दिवस झोप नाही. (दोन हरवली. काही झालं नाही.) तिसरीतली एक पोरगी रोज बैलाचंच पुस्तक काढायची. एकदा खिचडीच्या रांगेत भावाला घडाघडा वाचून दाखवत होती. जवळ गेले, तर गोष्ट तोंडपाठ, बोट भलत्याच ओळीवर. वाचता येतच नव्हतं गं तिला! तीन वर्षं आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या वर्षी विकास आराखड्यात ‘वाचन कौशल्य वाढविणे’ असलं मोघम काही न लिहिता मी अशा सात मुलांची नावं लिहिली.

तू एकटी बसून भरू नकोस. शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना बोलाव. त्या तोंडावर सांगतात. आणि जिथं ३ टाकावासा वाटेल, तिथं आधी उठून जाऊन बघून ये. मुलींच्या शौचालयापासून सुरुवात कर. कुलूप असेल, तर किल्ली कुणाकडे आहे ते विचार.