कॅनूचं वार्निश काढण्याआधी

पीटरबरोची जुनी सीडरची कॅनू म्हणजे जेमतेम पाव इंच जाडीच्या पट्ट्यांचं काम. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातलं हे शहर एके काळी याच धंद्यावर ओळखलं जाई. पीटरबरो कॅनू कंपनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, पण तिच्या होड्या इथल्या तळ्यांवर अजून दिसतात. माझ्याकडची तशीच एक, कुणाच्या घरचं सामान विक्रीला निघालं होतं तिथून आणलेली. बाहेरून कॅनव्हास नाही, रंग नाही, नुसतं वार्निश. आणि तेही असं झगझगीत की घासाघीस करायला जीभ उचलली नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात तळाचे पापुद्रे सुटू लागले. नखानं उचकटलं की वीतभर तुकडा हातात यायचा, आणि खाली ओलीनं काळवंडलेलं लाकूड. आधीच्या मालकानं कुणा कारागिराकडून काम करून घेतलं होतं आणि त्यानं घरातल्या लाकडी जमिनीवर मारतात ते पॉलियुरेथेन होडीला मारलं होतं. लाकूड पाण्यात फुगतं, उन्हात आकसतं. कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही, तडकतो. भेगेतून शिरलेलं पाणी मग आतच राहतं. इथवर ठीक होतं, थर काढून नवा देता आला असता. खरं दुखणं तो थर निघाल्यावर दिसलं.

या कॅनूत प्रत्येक पट्टी आतल्या फासळ्यांना तांब्या-पितळेच्या बारीक चुकांनी धरलेली असते. चुकेचं डोकं बाहेर, लाकडाशी सपाट. टोक आत वळवलेलं. तळ जिथे वळून बाजू होतो, तिथे बेल्ट सँडरनं इतकं लाकूड खाल्लं होतं की कित्येक डोकीच गायब होती. डोकं गेलेली चूक काही धरत नाही. अंगठ्यानं दाबलं की पट्टी फासळीपासून हलायची. जुन्या कॅनू दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं नुसता हात फिरवला आणि सांगितलं, शेजारी नव्या चुका मारून देतो, गेलेली जाडी मात्र परत येणार नाही.

मी मूळचा कोकणातला. तिकडे होडीला काजूच्या टरफलांचं तेल लावण्याआधी तळ खरवडताना कोणी हात राखून खरवडत नाही, कारण फळी चांगली जाड असते. तो हिशेब इथे चालत नाही.

म्हणून अशी कॅनू हाती आली तर आधी ठरवा, सगळं वार्निश काढायची खरंच गरज आहे का. पिवळं पडलेलं पण घट्ट बसलेलं असेल, तर हलक्या हातानं पॉलिशपेपर मारा, वर नवे दोन हात द्या आणि गप्प बसा. दर वर्षी एवढं केलं तर मुळापर्यंत जायची वेळ फार क्वचित येते.

यायचीच झाली, तर यंत्र नको. रिमूव्हरची पेस्ट लावा, तिला तिचं काम करू द्या, आणि वाळायच्या आत बोथट स्क्रेपरनं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं काढा. स्क्रेपरचे कोपरे कानशीनं गोल करून घ्या, नाहीतर वळणावर ओरखडे पडतात. काम उघड्यावर करा, हातमोजे घाला. जुन्या थरात शिसं असू शकतं आणि सीडरच्या भुशानं दमा होतो, तेव्हा साधा रुमाल बांधून भागणार नाही, नीट मास्क हवा. शेवटी १२० आणि मग २२० नंबरचा पेपर, हातानंच. चुकांची डोकी लखलखायला लागली की तुम्ही धातू घासताय, तिथेच थांबा. स्टील वूल अजिबात नको. त्याचे कण लाकडात अडकून गंजतात आणि काळे ठिपके उठतात. आधीचे काळे डाग ऑक्झॅलिक अॅसिडनं उतरतात, पण ते अख्ख्या पट्टीला लावायचं, नुसत्या डागाला लावलं तर पांढरा ठिपका उरतो. नंतर भरपूर पाण्यानं धुवा. वाळून राहिलेले त्याचे स्फटिक घासताना नाकात जाणं वाईट.

वार्निश स्पारच घ्या, ते लवचीक असतं आणि ऊन सोसतं. पहिला हात निम्म्यास निम्मं पातळ करून, म्हणजे लाकडात मुरतो. पुढचे हात न पातळ करता, पण अगदी हलके, आणि प्रत्येक दोहोंच्या मधे थोडं घासून. डबा हलवू नका, बुडबुडे धरतात; काडीनं सावकाश ढवळा. सावलीत, सकाळी सुरू करून दुपारीच आटपा. संध्याकाळचं दव पडलं की चकाकी मरते. (जूनमध्ये इथल्या काळ्या माश्याही फुकटात चिकटतात, त्याला इलाज नाही.)

कंपनीचं लेबल किंवा ठोकलेला नंबर दिसला तर त्यावर पेपर फिरवू नका. होडी कुणी बांधली याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो. जमलं तर काम सुरू करण्याआधी पीटरबरोचं कॅनेडियन कॅनू म्युझियम पाहून या. २०२४ साली ते लिटल लेकच्या काठी नव्या इमारतीत गेलं आहे आणि सहाशेहून अधिक होड्या त्यांच्या संग्रही आहेत.

आणि कोणी वरून फायबरग्लास चढवून देतो म्हणालं, तर सरळ नको म्हणा. आत ओल कोंडते, आणि पुढे पट्टी बदलायची वेळ आली की तो थर सीडरच्या ढलप्या घेऊनच निघतो. अशी चढवलेली जुनी कॅनू विकायला दिसली, तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.