दवाखाना विम्यावर, गोळ्या खिशातून

धुळ्या-जळगावात आरोग्य विमा काढलेली घरं आता बरीच आहेत, पण हा विमा नेमके कशाचे पैसे देतो हे घरात क्वचितच कुणाला ठाऊक असतं. साधी पॉलिसी भरती झालेल्या पेशंटसाठी असते. बीपी, शुगर, थायरॉईडच्या रोजच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. ओपीडीचं कलम वेगळे पैसे भरून घेतलं असेल तरच येतात.

नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अँजिओप्लास्टी नाशिकला झाली. कॅशलेस मंजूर झालं. डिस्चार्जच्या कागदावर रक्त पातळ ठेवणाऱ्या, कोलेस्टेरॉलच्या आणि बीपीच्या गोळ्या होत्या, त्यातल्या काही जन्मभराच्या. पॉलिसी देताना एजंट एवढंच म्हणाला होता, "सगळं कव्हर आहे, काका." पॉलिसीत मात्र भरतीआधीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस, असं स्पष्ट छापलेलं होतं. एकसष्टाव्या दिवसापासून गोळ्यांचा खर्च आपला. काही पॉलिसींत ही मुदत जास्त असते, म्हणून विमा घेताना हप्त्याच्या आधी हा आकडा विचारा.

या ६० दिवसांचे पैसेही मागितल्याशिवाय मिळत नाहीत. त्यांचा वेगळा क्लेम करावा लागतो, आणि त्याला मुदत असते. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ती उपचार संपल्यापासून १५ दिवसांची आहे. आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याने सुरुवातीला साध्या चिठ्ठ्या दिल्या, त्यांवर ना पेशंटचं नाव, ना बॅच नंबर. कंपनीने त्या बाजूला काढल्या. ओळखीचा दुकानदार असला तरी पक्कं बिलच मागा, आणि प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

सगळ्यात जास्त मनस्ताप खोलीभाड्याने दिला. खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेच्या वर गेलं होतं, म्हणून कंपनीने त्याच प्रमाणात सगळ्या बिलाला कात्री लावली, औषधं आणि स्टेंटसकट. हे नियमात बसत नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्येच सांगितलं आहे की औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांच्या खर्चावर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. डॉक्टरांची फी वगैरे बाबींवर होऊ शकते. त्या नियमाचा उल्लेख करून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, तेव्हा ती रक्कम मिळाली. मिळाली नसती तर विमा लोकपालांकडे गेलो असतो. खान्देश पुणे कार्यालयाच्या हद्दीत येतो. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं, आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षभरात तिथे अर्ज करावा लागतो.

घरी घेतलेली प्रत्येक गोळी विम्याबाहेर असते असंही नाही. कॅन्सरवरची तोंडाने घ्यायची केमोथेरपी कव्हर होते, पण तिला बहुधा वेगळी मर्यादा असते. आरोग्य संजीवनीत विमा रकमेच्या निम्मी. डॉक्टरांच्या कागदावर 'ओरल केमोथेरपी' असं स्पष्ट लिहून घ्या.

नवा विमा काढणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, अर्जात चालू असलेली एकही गोळी लपवू नका. एजंट "कशाला लिहिता?" म्हणाला तरी लिहा. आधीच्या आजारासाठी फार तर तीन वर्षं थांबावं लागतं. लपवलं तर ऐन संकटात अख्खा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही गोळ्यांचं असंच आहे. राजीव गांधी जीवनदायी म्हणून २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. ती मोठ्या ऑपरेशनचा भार उचलते, पण डिस्चार्जनंतरची औषधं थोड्याच दिवसांची मिळतात.

मग पुढचा खर्च कमी कसा करायचा? डॉक्टरांकडून औषधातल्या घटकाचं नाव लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात भाव विचारा, पण बदल डॉक्टरांना दाखवूनच करा. क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन यांसारख्या आवश्यक औषधांना सरकारी कमाल किंमत आहे. 'फार्मा सही दाम' अ‍ॅपवर ती पाहता येते. शिरपूर, चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयांसारख्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी आधी तिथे चौकशी करा.

आणि घरात साठीपुढचं माणूस असेल, त्याचा विमा नसेल, तर प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या औषधोपचाराच्या खर्चावर वजावट मिळते. मात्र पैसे रोख दिलेले चालत नाहीत. मेडिकलवर यूपीआय किंवा कार्डानेच द्या.