शुल्काची पावती आणि प्राप्तिकराची वजावट

माझ्या कन्येने अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी परजिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेव्हा तिच्या शुल्कापोटी मी भरलेल्या रकमेवर कायद्याने देऊ केलेली प्राप्तिकराची वजावट त्या वर्षीच्या पगारात मला मिळाली नाही; कारण महाविद्यालयाच्या पावतीवर शिक्षण शुल्क, विकास शुल्क, वसतिगृहाचे भाडे आणि भोजनखर्च ही सारी रक्कम एकाच ओळीत लिहिलेली होती. कार्यालयातील लिपिकाने ती पावती नामंजूर केली, ते नियमास धरूनच होते. परंतु तपशीलवार पावतीसाठी केलेल्या अर्जांना महाविद्यालयाकडून उत्तर येईतो आर्थिक वर्ष सरले होते आणि पगारातून कराची कपातही होऊन चुकली होती. पुढे विवरणपत्रात वजावट मागून मी परतावा मिळविला खरा. पण पुढच्या सत्राचे पैसे भरण्याच्या वेळीच पगार तोकडा हाती यावा, ही ओढाताण एकाच मिळकतीवर चालणाऱ्या घराला फार जड जाते.

प्राप्तिकर कायद्यान्वये कोणत्याही दोन अपत्यांच्या भारतातील पूर्णवेळ शिक्षणासाठी भरलेले केवळ शिक्षण शुल्क, भविष्य निर्वाह निधी, विमा इत्यादींसह दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत, वजा होते. अपत्य सज्ञान झाले म्हणून हा अधिकार लोपत नाही. अनेक नोकरदारांची ही मर्यादा निधीच्या वर्गणीनेच भरून जाते, हे आधी पाहून घ्यावे. शैक्षणिक कर्जाची गोष्ट निराळी. तीत कायद्याने व्याजाच्या रकमेस मर्यादा घातलेली नाही, मात्र मुदत घातली आहे, ती व्याजफेडीस आरंभ झाल्यापासून ८ वर्षांची. मुद्दलास सवलत नाही, आणि सोयऱ्याधायऱ्यांकडून केलेल्या उसनवारीवरील व्याजासही नाही. कर्ज एकट्या मुलाच्या नावे असून हप्ते बाप फेडीत असेल, तर त्या बापास ही वजावट मागता येत नाही. म्हणून कर्जपत्रावर सहकर्जदार म्हणून आपले नाव घालावे आणि बँकेकडून व्याज व मुद्दल वेगळे दाखविणारा दाखला दरसाल घ्यावा.

या दोन्ही सवलती जुन्या करप्रणालीतच आहेत. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, आणि २०२५-२६ पासून तीत १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर करच पडत नसल्याने बहुतेकांना तीच किफायतीची ठरते; ज्यांचे उत्पन्न त्याहून अधिक आणि कर्जाचे व्याज मोठे, त्यांनीच दोन्ही हिशेब मांडून पाहावेत, व जुनी प्रणाली पतकरायची तर विवरणपत्र मुदतीतच दाखल करावे, कारण मुदतीनंतर तो पर्याय उरत नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना मात्र या वजावटीचा काहीच उपयोग नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती कोणी सांगितली नाही म्हणून एखाद्या मुलीचे शिक्षण अडावे याचे मला फार दुःख होते. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना आहेत. शिवाय जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी मिळाली आहे. अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर करावा लागतो, आणि त्यास तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो दाखला प्रवेशाची धांदल सुरू होण्यापूर्वीच काढून ठेवावा, ही शेतकरी बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे.